मोटर काढायला

वावरहिऱ्याच्या शिवारात कुणाची मोटर विहिरीत पडली
की मला निरोप येतो : नेव्हीवाल्याला बोलवा.
माझ्या हुद्द्यातलं आता एवढंच उरलंय.

सायकलीला दोर बांधून जातो. जुना मास्क,
रबराची पट्टी दोनदा बदललेली.
काठावर चपला काढतो, नाक दाबतो,
डाव्या कानात हळूच फुंकर ढकलून बघतो.
पोरं हसतात.
त्यांना काय ठाऊक,
ह्या फुंकरीला मला सहा वर्षं लागली.

बापानं नाव ठेवलं दगडू,
आधीची दोन जगली नव्हती म्हणून.
चिल्काला पहिल्या हजेरीला उस्ताद म्हणाला,
"दगडू म्हणजे पत्थर? फिर तो डूबेगा."
बुडालोच.
माण तालुक्यातला माणूस मी,
पाणी बघितलेलं ते टँकरच्या नळीतून, घागरीत, तेही भांडून.
बांबू पुढं करून वर काढलं मला
आणि डोक्यावर लाल टोपी घातली, न पोहणाऱ्यांची.
अकरा आठवडे ती उतरली नाही.
रात्री लोखंडी खाटेवर पालथा पडून हातपाय मारायचो.
वरच्या खाटेवरचा नायडू विचारायचा,
"काटकर, किनारा आला का?"

मग कोची. बारा मीटरवर कान फुटला.
दातात शेंग फुटावी, एवढाच आवाज.
डॉक्टरनं कागदावर एक ओळ लिहिली
आणि मी दोन वर्षं स्टोअरात घोंगड्या मोजल्या.
घरी कळवलं : तब्येत बरी, काम हलकं.
हौसानं मास्तरांकडून उलट लिहून पाठवलं :
हलकं काम तुम्हाला मानवत नाही,
खरं काय ते कळवा.
ते पत्र घोंगड्यांच्या हिशेबाच्या वहीत ठेवलं होतं.
वही सरकारजमा झाली.

अर्ज. नाही. पुन्हा अर्ज.
तिसऱ्या खेपेला कुरियन नावाचा म्हातारा चीफ म्हणाला,
कानाशी भांडू नकोस,
त्याला विचारत विचारत खाली जा.
गेलो. हातभर उतरायचं, थांबायचं,
विचारायचं, येतोस का?
तळाला पाय टेकले तेव्हा
वर कुणीतरी घड्याळ बघत होतं आणि मी रडत होतो.
मास्कमध्ये रडता येतं, पुसता येत नाही.

मरीन कमांडो व्हायचं मात्र राहिलं.
पाचव्या रात्री, पाठीवर ओझं घेऊन, चिखलात
उभ्या-उभ्या झोप लागली, पडलो, खांदा निखळला.
त्याचं पुढं काही झालं नाही.
सगळ्याच पडण्याचं पुढं काही होतं, असं नाही.

आणि एकदा, उलटलेल्या एका गाळाच्या बोटीखाली
अंधारात चाचपडताना
माझ्या हाताला हात लागला.
त्या दिवशी खोलीची नोंद चुकीची केली म्हणून
माझं प्रमोशन चार वर्षं अडलं.
खोली बरोबर लिहायला
मला त्या दिवशी आकडे आठवत नव्हते.
बोर्डाला हे सांगितलं नाही. हौसालाही नाही.

आज शेंडग्यांची विहीर.
त्यांची मोनाली दोर धरून उभी आहे,
परवाच भरतीवरनं परत आलेली.
धावण्यात सात सेकंद कमी पडले.
घरात कुणी तिच्याशी धड बोलत नाही,
ती चुलीपुढं बसून घड्याळातले सात सेकंद मोजते म्हणे.
मला वाटलं काहीतरी सांगावं.
तेवढ्यात तिनंच विचारलं,
"काका, खाली काय दिसतं?"
"काय न्हाय दिसत. हातानं बघायचं."
तिनं मान हलवली, दोराला मनगटाचा वेढा दिला,
मी न सांगता.

खाली शेवाळ, गार काळोख, कुणाची तरी कळशी,
आणि चिखलात कलंडलेली मोटर,
कंपनीनं जिचं नाव ठेवलंय पाणबुडी.
गाठ मारली. कान शांत होता.
तीन हिसके म्हणजे वर घ्या.
दोन म्हणजे, मी ठीक आहे, अजून थोडा वेळ.

मी दोनच दिले.
वरनं दोन आले.